पोर्तुगालची राजसत्ता आणि आपली श्रद्धा

ज्युबिलीचें वर्ष हें उपकारस्मरणाचें वर्ष होय. ज्यांनीं आपल्या वाडवडिलांस बाप्तिस्मा दिला, ज्यांनीं चर्चच्या भिंती उभारल्या, ज्यांनीं पावसापाण्यांत वाड्यावाड्यांतून फिरून आजाऱ्यांस अखेरचे संस्कार दिले, त्या सर्वांची आठवण अशा वर्षीं सहजच होते. आणि ही आठवण करूं लागलें म्हणजे एका दूरच्या राष्ट्राचें नांव वारंवार ओठांवर येतें. तें म्हणजे पोर्तुगालचें. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो हीं आपलीं आडनांवें त्या राष्ट्राचीं. नाताळ, पाद्री, मिस्सा हे शब्द त्याच भाषेंतून आपल्या मराठींत उतरले. आणि पाव, पगार, चावी, बटाटा हे तर धर्माचा भेद न पाळतां साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत जाऊन बसले.

परंतु या नात्याविषयीं दोन समजुती आपल्यांत व आपल्या शेजाऱ्यांत रूढ आहेत. कोणी म्हणतात कीं, ख्रिस्ती धर्म हें पोर्तुगिजांच्या राज्याचें शेपूट होय. राज्य गेलें, आतां शेपटाचें येथें काय काम? उलट आपल्यांतील कांहीं वृद्ध मंडळी त्या राज्याचें नांव अशा भक्तीनें घेत कीं, जणूं लिस्बनचा राजा हाच आपल्या श्रद्धेचा जनक. वरवर पाहतां हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंचें मूळ एकच आहे. राजसत्ता व श्रद्धा या एकच वस्तु होत, असें दोघेही धरून चालतात. हें गृहीत खरें कीं खोटें याचा निवाडा त्या राष्ट्राच्या इतिहासानेंच होऊं शकतो. म्हणून या लेखांत पोर्तुगालचा राजकीय इतिहास आरंभापासून थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं तो धीरानें वाचावा, ही विनंती.

१. राष्ट्राचा जन्म

युरोप खंडाच्या नैर्ऋत्य टोकास, आयबेरिया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगाल वसला आहे. प्राचीन काळीं तेथें लुसितानी लोक राहत. रोमन लोकांनीं त्यांस जिंकून आपली भाषा, कायदे व रस्ते दिले, आणि ख्रिस्ती धर्मही रोमन काळांतच तेथें पोंचला. पांचव्या शतकांत स्वेवी व व्हिसिगॉथ या जर्मन टोळ्या आल्या. पुढें इ. स. ७११ मध्यें उत्तर आफ्रिकेंतून मुसलमान सैन्यें उतरलीं व थोड्याच वर्षांत बहुतेक सारें द्वीपकल्प त्यांच्या सत्तेखालीं गेलें. उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत जीं लहान ख्रिस्ती राज्यें टिकलीं, त्यांपैकीं लेओनच्या राज्याचा पोर्तुकाले हा सरहद्दीवरील एक परगणा होता. दोरू नदीच्या मुखाशीं असलेल्या बंदरावरून त्यास हें नांव पडलें.

या परगण्याचा तरुण अधिपति आफोन्सो हेन्रीकेस यानें ११२८ सालीं सांव मामेदेच्या लढाईंत स्वतःच्या आईच्या पक्षाचा पराभव करून सत्ता हातीं घेतली. पुढें तो स्वतःस राजा म्हणवूं लागला, व ११४३ मध्यें सामोरा येथें लेओनच्या राजानें त्याची पदवी मान्य केली. परंतु बलाढ्य शेजाऱ्याचा शब्द केव्हां फिरेल याचा नेम नव्हता. म्हणून आफोन्सोनें आपलें राज्य संत पेत्राच्या पीठास अर्पण करून दरसाल चार औंस सोनें रोमला देण्याचें वचन दिलें. छत्तीस वर्षांनीं, म्हणजे ११७९ मध्यें, पोप तिसरे अलेक्झांडर यांनीं त्याचें राजेपण अधिकृतपणें मान्य केलें.

आफोन्सोच्या भक्तीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या भक्तींत राजकारणाचाही वांटा होता, हें नजरेआड करूं नये. लहान राज्यास मोठ्या शेजाऱ्यापासून वांचावयाचें होतें, आणि त्या काळीं रोमच्या शिक्क्याएवढी भक्कम ढाल दुसरी नव्हती. राजमुकुट व धर्मपीठ यांची ही गांठ पोर्तुगालच्या जन्मापासूनच पडलेली आहे. आणि ती बांधतांना राजाच्या एका हातांत जपमाळ तर दुसऱ्या हातांत हिशोबाची वही होती.

याच राजानें ११४७ मध्यें पवित्र भूमीकडे निघालेल्या इंग्रज, फ्लेमिश व जर्मन क्रूसवीरांच्या साहाय्यानें लिस्बन जिंकलें. १२४९ सालापर्यंत दक्षिणेकडील आल्गार्व्हही हातीं आलें, आणि १२९७ च्या तहानें कास्तीलबरोबरची सरहद्द ठरली. ती सरहद्द थोड्याफार फरकानें आजही तीच आहे. १२५४ मध्यें लेईरिया येथें भरलेल्या 'कोर्तेस' नामक राज्यसभेंत सरदार व धर्माधिकारी यांच्याबरोबर शहरांतील सामान्य लोकांचे प्रतिनिधीही प्रथमच बसले. राजा दिनीस यानें १२९० मध्यें विद्यापीठ स्थापन केलें व १३१९ मध्यें पोपच्या अनुमतीनें ख्रिस्ताचा संघ नामक लष्करी संघ उभारला. याच संघाचा तांबडा क्रूस पुढें गलबतांच्या शिडांवर झळकत आपल्या किनाऱ्यास लागावयाचा होता.

२. सभेनें निवडलेला राजा

१३८३ सालीं राजा फेर्नांदो पुत्रहीन वारला. त्याची एकुलती कन्या कास्तीलच्या राजास दिलेली असल्यामुळें पोर्तुगाल आतां शेजाऱ्याच्या घशांत जाणार, असें दिसूं लागलें. बरेचसे मोठे सरदार कास्तीलच्या बाजूस गेले. परंतु लिस्बनचे कारागीर, व्यापारी व सामान्य लोक उठले आणि त्यांनीं मृत राजाचा अनौरस भाऊ जुआंव, आवीस संघाचा प्रमुख, यास आपला रक्षक केलें. १३८५ मध्यें कोईंब्रा येथें कोर्तेस भरली. तेथें कायदेपंडित जुआंव दास रेग्रास यानें गादी रिकामी आहे व राजा निवडण्याचा अधिकार या सभेस आहे, असें प्रतिपादन केलें, आणि जुआंव राजा झाला. त्याच वर्षीं १४ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आदल्या दिवशीं, आल्जुबारोता येथें लहानशा पोर्तुगीज सैन्यानें कास्तीलच्या प्रचंड फौजेचा धुव्वा उडविला.

या सैन्याचा सेनापति नूनो आल्व्हारेस परेरा होता. आपल्यांतील परेरा कुटुंबांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. राज्यांतील सर्वांत श्रीमंत गृहस्थांत त्याची गणना होई. परंतु पत्नीच्या निधनानंतर त्यानें आपली संपत्ति वांटून टाकिली आणि १४२३ मध्यें लिस्बन येथें स्वतःच बांधलेल्या कार्मेल मठांत तो साधा बंधु म्हणून राहिला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं २००९ सालीं त्यास संतपद दिलें. ज्या तलवारीनें राज्य राखिलें, ती त्यानें स्वखुशीनें खालीं ठेविली. आणि ख्रिस्तसभेनें वेदीवर चढविलें तें त्या सेनापतीस नव्हे, तर मठाच्या दारांत भिकाऱ्यांस अन्न वाढणाऱ्या बंधूस.

३. समुद्र व पाद्रोआदो

दहा-पंधरा लाख लोकवस्तीच्या या चिमुकल्या राष्ट्रास जमिनीवर पसरण्यास जागा नव्हती. म्हणून तें समुद्राकडे वळलें. १४१५ मध्यें सेउता जिंकलें. राजपुत्र हेन्रीके हा ख्रिस्ताच्या संघाचा प्रशासक असून त्या संघाच्या उत्पन्नांतून त्यानें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतें धाडिलीं. बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्यें आफ्रिकेचें दक्षिण टोक ओलांडून गेला. वास्को द गामा १४९८ मध्यें कालिकतला पोंचला. आल्बुकर्कनें १५१० मध्यें गोवा घेतला. आणि १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें तहानें वसई व तिच्याखालील मुलूख नूनो द कुन्हा या गव्हर्नराच्या स्वाधीन केला.

या विस्ताराबरोबरच 'पाद्रोआदो' म्हणजे राजाश्रयाची पद्धति जन्मास आली. १४५५, १४५६ व १५१४ सालच्या पोपांच्या आज्ञापत्रांनीं पोर्तुगालच्या राजसत्तेस नव्या मुलखांत चर्चें बांधण्याचा, धर्मगुरु पाठविण्याचा व बिशपांच्या जागीं माणसें सुचविण्याचा हक्क मिळाला. त्याच्या मोबदल्यांत चर्चांचा व धर्मगुरूंचा खर्च चालविण्याचें कर्तव्य राजावर आलें. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन मठवासी याच व्यवस्थेनें आपल्या प्रांतीं आले. संत फ्रान्सिस झेवियरही १५४१ मध्यें राजाच्याच जहाजांतून निघाले. राजाश्रय नसता तर त्या काळीं एवढा लांबचा प्रवास व एवढीं चर्चें होणें कठीण होतें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे.

परंतु जो खर्च देतो तो हुकूमही देतो. बिशप कोण व्हावा हें लिस्बनमध्यें ठरूं लागलें. राज्याचीं पापें व धर्माचें कार्य हीं एकाच जहाजांत बसलीं. १४४४ मध्येंच लागोश बंदरांत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांची उघड विक्री झाली होती. राजा मानुएल यानें १४९६ मध्यें यहुद्यांस देशत्यागाचा हुकूम देऊन पुढील वर्षीं हजारोंवर बळजबरीनें बाप्तिस्मा लादिला. आणि १५०६ मध्यें लिस्बनच्या रस्त्यांत या 'नव्या ख्रिस्ती' लोकांची कत्तल झाली. १५३६ मध्यें राजा तिसरा जुआंव याच्या आग्रहावरून पोर्तुगालांत व १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन बसलें. गोव्यांतील तें १८१२ सालीं कायमचें बंद झालें. या गोष्टी झांकून ठेवणें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें श्रद्धेच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होऊं नये असें निःसंदिग्धपणें जाहीर केलें आहे, आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालच्या ज्युबिलींत ख्रिस्तसभेच्या लेकरांनीं केलेल्या अशा अपराधांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली आहे. आपल्या ज्युबिलीनेंही तोच कित्ता गिरवावा.

४. साठ वर्षांचें पारतंत्र्य

दुसऱ्यांच्या देशांवर राज्य करणाऱ्या या राष्ट्रावर स्वतः परक्याच्या अंमलाखालीं राहण्याचा प्रसंग आला. १५७८ सालीं चोवीस वर्षांचा अविवाहित राजा सेबास्तियांव मोरोक्कोवर चालून गेला आणि ४ ऑगस्टला आल्कासर किबीरच्या रणांगणावर फौजेसह नाश पावला. त्याच्यामागून गादीवर आलेले त्याचे वृद्ध चुलत आजोबा कार्डिनल हेन्रीके १५८० मध्यें वारले. तेव्हां स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें आईकडून आलेला वारसाहक्क सांगत सैन्य पाठविलें. १५८१ मध्यें तोमार येथील कोर्तेसनें त्यास राजा मानलें. पोर्तुगालचे कायदे निराळे राहतील व अधिकाराच्या जागा पोर्तुगिजांसच मिळतील, असें वचन त्यानें दिलें होतें. परंतु पुढील राजांच्या कारकीर्दींत तें हळूहळू मोडलें. स्पेनच्या युद्धांचा कर पोर्तुगालवर बसला, आणि स्पेनचे शत्रु ते पोर्तुगालचेही शत्रु होऊन डच आरमारानें त्याचीं पूर्वेकडील ठाणीं एकामागून एक उचलण्यास आरंभ केला.

याच काळांत आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानांत हुतात्मा झाला. त्याच्या मरणाचा या राजकारणाशीं जवळचा संबंध आहे. तो मनिलाहून गेलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंच्या बरोबर दुभाषी म्हणून जपानांत सेवा करीत होता. १५९६ मध्यें 'सान फेलिपे' हें स्पॅनिश जहाज वादळानें जपानच्या किनाऱ्यास लागलें, व तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें त्यावरील माल जप्त केला. त्या वेळीं जहाजाच्या तांडेलानें आपल्या राजाच्या साम्राज्याची बढाई मारतांना, आधीं मिशनरी जातात व मागून सैन्य येतें, असें सुचविलें, अशी कथा आहे. तें बोलणें कसेंही झालें असो, मिशनरी हे परराज्याचे अग्रदूत होत हा संशय बळावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांस क्रूसावर चढविण्यांत आलें. त्यांत आपला गोन्सालो होता. त्याच्या हातांत ना तोफ होती ना राजाचा परवाना. वाचकहो, राजसत्ता व श्रद्धा एकच आहेत ही समजूत किती महाग पडते, हें आपल्याच मातींतल्या संताच्या रक्तानें लिहून ठेविलें आहे. ज्या समजुतीनें त्याचा प्राण घेतला, तीच समजूत त्याच्या गांवच्या लेकरांनीं कवटाळून बसावें, हें उचित नव्हे.

१ डिसेंबर १६४० रोजीं लिस्बनमधील चाळीसेक सरदारांनीं राजवाड्यांत शिरून स्पेनची सत्ता उलथून टाकिली व ब्रागांसाचा ड्यूक चौथा जुआंव या नांवानें राजा झाला. स्वातंत्र्याचें युद्ध पुढें अठ्ठावीस वर्षें चाललें. १६४६ मध्यें या राजानें निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेस राज्याची आश्रयदात्री म्हणून घोषित करून व्हिला व्हिसोझा येथील तिच्या मूर्तीस मुकुट अर्पण केला. तेव्हांपासून पोर्तुगालच्या कोणाही राजानें मस्तकावर मुकुट धारण केला नाहीं. प्रसंग हृदयंगम खरा. परंतु त्याच वेळीं रोमचें धर्मपीठ स्पेनच्या दडपणामुळें या राजाच्या बिशपांस मान्यता देत नव्हतें, आणि वर्षानुवर्षें पोर्तुगाल व त्याच्या वसाहतींतील बहुतेक धर्मप्रांत बिशपांवांचून राहिले. दोन राजांच्या भांडणांत मेंढरें मेंढपाळाविना राहिलीं. स्पेननें १६६८ मध्यें स्वातंत्र्य मान्य केल्यावरच ही कोंडी फुटली. इंग्लंडची मैत्री मिळावी म्हणून राजकन्या कातारिनाच्या विवाहांत मुंबई आंदण देण्याचा करार १६६१ मध्यें झाला व १६६५ मध्यें तें बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. आपल्या शेजारच्या महानगरीचें भवितव्य ठरलें तें असें, लिस्बनच्या अडचणीमुळें.

५. सोनें, वसईचा पाडाव व पोंबाल

अठराव्या शतकांत ब्राझीलमधील खाणींचें सोनें लिस्बनला वाहूं लागलें. राजा पांचवा जुआंव यानें त्यांतून माफ्रा येथें भव्य राजवाडा व मठ बांधविला, आणि १७४८ मध्यें रोमकडून 'अत्यंत निष्ठावंत' ही पदवी मिळविली. सोनें हातीं असल्यामुळें राजास प्रजेजवळ कर मागण्याची गरज उरली नाहीं. त्यामुळें १६९७-९८ नंतर कोर्तेस भरलीच नाहीं. ज्या सभेनें एके काळीं राजा निवडला, ती सव्वाशें वर्षें मुकी झाली.

लिस्बनला सोनें येत असतांच पूर्वेकडील राज्य खिळखिळें होत होतें. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसईचा किल्ला शरण आला. दोनशें पांच वर्षांचा अंमल संपला. बहुतेक युरोपीय मठवासी निघून गेले व कित्येक चर्चें उजाड झालीं. शरणागतीच्या तहांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेविली होती. तथापि आतां धर्म पाळल्यानें ना सरकारी नोकरी मिळणार होती, ना जमीन, ना मानमरातब. धर्म जर केवळ राज्याचें शेपूट असता, तर तो त्याच वर्षीं गळून पडावयास हवा होता. तसें झालें नाहीं. गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंच्या आधारानें आपल्या शेतकरी, कोळी व कारागीर पूर्वजांनीं जपमाळ सोडली नाहीं. मुलांस बाप्तिस्मा देणें थांबविलें नाहीं. वसईचा ख्रिस्ती समाज आज आहे, हीच या सर्व प्रश्नाची निर्णायक साक्ष होय. ज्यांनीं राजा नसतां श्रद्धा राखिली, तेच आपले खरे पूर्वज.

तिकडे १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, चर्चें भाविकांनीं भरलीं असतां लिस्बनला भयंकर भूकंपाचा धक्का बसला. मागोमाग समुद्र चढून आला व दिवसेंदिवस आग पेटत राहिली. संत नूनोच्या कार्मेल मठाचें चर्च कोसळलें. त्याच्या छप्पर नसलेल्या कमानी आजही उभ्या आहेत. शहराची पुनर्रचना करणारा मंत्री सेबास्तियांव जुझे द काऱ्व्हाल्यो, पुढें मार्क्विस ऑफ पोंबाल, यानें राज्याचीं सर्व सूत्रें हातीं घेतलीं. तो कर्तबगार होता यांत संशय नाहीं. १७६१ च्या कायद्यानें त्यानें पूर्वेकडील देशी ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क दिले. नव्या व जुन्या ख्रिस्ती लोकांतील भेदही त्यानें रद्द केला. परंतु राज्यांत राजाखेरीज दुसरी कोणतीही स्वतंत्र शक्ति असूं नये, हें त्याचें धोरण होतें. १७५९ मध्यें त्यानें जेझुइट संघ पोर्तुगाल व त्याच्या सर्व मुलखांतून हांकून दिला. कित्येक वृद्ध मिशनरी लिस्बनच्या तळघरांत सडून मेले. १७६१ मध्यें वयोवृद्ध जेझुइट मालाग्रिदा यांस इन्क्विझिशनकरवींच दोषी ठरवून जाहीर रीतीनें गळा आवळून मारलें व त्यांचें प्रेत जाळिलें. धर्माच्या रक्षणार्थ म्हणून राजांनीं मागून घेतलेलें शस्त्र अखेर धर्मगुरूवरच चाललें. रोमशीं संबंध दहा वर्षें तुटले होते. तरीही 'अत्यंत निष्ठावंत' ही पदवी राजाकडेच राहिली!

६. मठ गेले, हक्क राहिला

१८०७ मध्यें नेपोलियनचें सैन्य येतांच राजदरबार जहाजांत बसून ब्राझीलला गेला. इकडे देश उजाड झाला, आणि १८२० मध्यें पोर्तु शहरांत क्रांति होऊन सव्वाशें वर्षांनीं कोर्तेस पुन्हां भरली. १८२२ मध्यें पहिली राज्यघटना झाली. त्याच वर्षीं ब्राझील स्वतंत्र झाला. त्यानंतर दोन सख्खे भाऊ, घटनेचा पुरस्कर्ता पेद्रू व निरंकुश राजसत्तेचा अभिमानी मिगेल, यांच्या पक्षांत यादवी माजली. धर्माधिकाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं मिगेलची बाजू घेतली, आणि मे १८३४ मध्यें तो हरला तेव्हां त्याचा दंड ख्रिस्तसभेस भरावा लागला. त्याच महिन्यांत निघालेल्या हुकुमानें पुरुषांचे सर्व मठ बंद झाले व त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. गोव्यांतील मठही ओस पडले.

येथें एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या सरकारनें मिशनरी घडविणारीं घरेंच बंद केलीं, त्या सरकारनें हिंदुस्थानांत बिशप सुचविण्याचा पाद्रोआदोचा हक्क मात्र सोडला नाहीं. कर्तव्य टाकिलें व अधिकार धरून ठेविला. पोप सोळावे ग्रेगरी यांनीं १८३८ मध्यें ब्रिटिश मुलखांतील तो अधिकार आखडून रोमच्या प्रोपगांडा मंडळाच्या प्रतिनिधींकडे दिला, तेव्हां कलह पेटला. मुंबई व साष्टी येथें एकाच श्रद्धेचे लोक दोन अधिकारांत विभागले गेले. शेजारशेजारच्या चर्चांत दोन निरनिराळ्या बिशपांचीं फर्मानें वाचिलीं जाऊं लागलीं. १८५७ व १८८६ च्या करारांनीं तडजोडी झाल्या, परंतु दुहेरी अंमल १९२८ च्या करारापर्यंत पुरता मिटला नाहीं. त्या वर्षीं दमणचा धर्मप्रांत रद्द होऊन त्याचा आपल्याकडील भाग मुंबईच्या महाधर्मप्रांतांत आला. १९५० मध्यें पोर्तुगालनें मुंबईच्या आर्चबिशपाच्या नेमणुकींतील आपला हक्क सोडला, व व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्यासाठीं कोणा राजाची शिफारस लागली नाहीं.

७. पोर्तुचे दोन बिशप

विसाव्या शतकांतील पोर्तुगालचा इतिहास दोन बिशपांच्या चरित्रांत जणूं सांठवलेला आहे. १९०८ मध्यें राजा कार्लोस व युवराज यांचा लिस्बनच्या चौकांत खून झाला, आणि ५ ऑक्टोबर १९१० रोजीं राजेशाही संपून प्रजासत्ताक आलें. एप्रिल १९११ च्या कायद्यानें ख्रिस्तसभा व राज्य विभक्त झालीं. विभक्तपणा स्वतः वाईट नव्हे. पण हा कायदा स्वातंत्र्य देणारा नसून मुसक्या बांधणारा होता. चर्चांची मालमत्ता सरकारनें घेतली व उपासनेवर देखरेख बसविली. बिशपांचें संयुक्त पत्र वाचूं नये हा हुकूम न मानल्याबद्दल पोर्तुचे बिशप आंतोनियु बार्रोसो यांस पदच्युत करून हद्दपार केलें. हेच बार्रोसो पूर्वीं मद्रासजवळील मैलापूरचे बिशप होते. आणि मौज ही कीं, धर्माशीं नातें तोडणाऱ्या या प्रजासत्ताकानेंही पूर्वेकडील पाद्रोआदो टाकिला नाहीं, कारण त्यांत राष्ट्राची प्रतिष्ठा होती. १९१७ मध्यें फातिमा येथील तीन गुराखी मुलांस पवित्र मातेनें दर्शन दिलें, तें अशा छळाच्या दिवसांत. आणि जनतेची श्रद्धा तेथें सरकारच्या विरोधास न जुमानतां उफाळून आली.

सोळा वर्षांत चाळीसांहून अधिक मंत्रिमंडळें बदललीं. २८ मे १९२६ रोजीं लष्करानें सत्ता घेतली, आणि १९२८ मध्यें अर्थमंत्री व १९३२ मध्यें पंतप्रधान झालेला प्राध्यापक सालाझार पुढें छत्तीस वर्षें देशाचा सर्वाधिकारी राहिला. तो सेमिनरींत शिकलेला असून त्यानें १९४० मध्यें रोमशीं करार केला. पुष्कळ ख्रिस्ती लोकांस वाटलें, आपलें राज्य आलें. परंतु त्या राज्यांत विरोधी पक्ष नव्हता, वृत्तपत्रें तपासल्यावांचून छापलीं जात नव्हतीं व गुप्त पोलीस सर्वत्र होते. १९५८ मध्यें पोर्तुचे दुसरे बिशप आंतोनियु फेर्रैरा गोमेस यांनीं गरिबांचे हाल व नागरिकांचे हक्क यांविषयीं सालाझारास स्पष्ट पत्र लिहिलें; त्याबद्दल १९५९ पासून दहा वर्षें त्यांस परदेशांत राहावें लागलें.

एकाच धर्मपीठावरील दोन बिशप. एकास धर्मद्वेष्ट्या सरकारनें घालविलें, दुसऱ्यास धर्माभिमानी म्हणविणाऱ्या सरकारनें. दोघांचा अपराध एकच होता: त्यांनीं सत्य सत्तेपेक्षां मोठें मानलें.

डिसेंबर १९६१ मध्यें गोवा, दमण व दीव भारतांत सामील झाले. आफ्रिकेंतील तीन वसाहतींत युद्ध चालवून थकलेल्या लष्करानेंच २५ एप्रिल १९७४ रोजीं हुकूमशाही उलथिली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनीं तांबडीं कार्नेशन फुलें खोंवलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालनें गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें. १९७६ मध्यें लोकशाही घटना झाली, १९८६ मध्यें देश युरोपीय समुदायांत गेला, १९९९ मध्यें माकाव चीनला दिलें आणि २००४ मध्यें रोमशीं नवा करार झाला. आज तें एक लहान, लोकशाही, स्वतंत्र राष्ट्र आहे.

८. आपण काय घ्यावें?

या नऊ शतकांकडे एकत्र पाहिलें असतां काय दिसतें? राजसत्तेनें रोमचा आश्रय घेतला, मग ती स्वतः आश्रयदाती झाली, मग मालकीण, मग छळणारी, आणि पुन्हां एकदां गोड बोलणारी सखी. राजे, मंत्री, प्रजासत्ताकवादी व हुकूमशहा, सर्वांनीं ख्रिस्तसभा आपापल्या कामीं लावूं पाहिली. ज्यांनीं तिच्यासाठीं प्राण वेंचिले ते लोक निराळेच होते: दुभाषी गोन्सालो, तळघरांतले मिशनरी, हद्दपार बिशप, आणि १७३९ नंतरचे आपले अनाम पूर्वज.

म्हणून पोर्तुगीज राष्ट्राचे आभार मानतांना ते राजमुकुटाचे मानूं नयेत. त्या राष्ट्रांतून मायदेश सोडून आलेल्या व येथेंच मातीआड झालेल्या धर्मगुरूंचे मानावेत. आपलीं आडनांवें आपण लाजेनें लपवूं नयेत व गर्वानें मिरवूंही नयेत. तीं आपल्या इतिहासाची खूण आहेत, जातिवंतपणाची सनद नव्हेत. शेजाऱ्यानें, तुमचा धर्म फिरंग्यांचा, असें म्हटलें तर रागावूं नये. फिरंगी राज्य संपून किती वर्षें झालीं हें त्यास शांतपणें सांगावें, आणि आमच्या चर्चमध्यें सकाळच्या मिस्सेस येऊन पाहा, असें आमंत्रण द्यावें. आणि यापुढें कोणत्याही सत्तेनें, कोणत्याही पक्षानें संरक्षणाचें वचन देऊन आपली निष्ठा मागितली, तर पाद्रोआदोची कहाणी आठवावी. योग्य राज्यकर्त्यांस मान द्यावा, देशाचे कायदे पाळावे, देशाची सेवा जिवापाड करावी. परंतु वेदीची किल्ली कोणाच्याही हातीं देऊं नये.

नागासाकीच्या टेकडीवरून आपल्या गांवाकडे पाहणाऱ्या संत गोन्सालो गार्सियानें आपल्या सर्वांसाठीं देवाजवळ मध्यस्थी करावी, आणि जी श्रद्धा राज्यावांचून टिकली ती पुढील ज्युबिलीपर्यंत आपल्या लेकरांच्या हातीं अखंड पोंचावी, हीच प्रभूचरणीं प्रार्थना.